वीस वेळा सेव्ह केलेला फोटो

नांदेड, बुधवार

प्रिय मालू,

काल दुपारी चारच्या सुमारास लातूरहून फोटो लॅबवाल्या रेवणप्पाचा फोन आला. आपण दिलेल्या फाइलमधून आईचा चेहरा परत मिळणार नाही, असं त्याने नक्की सांगितलं. त्याने स्वतः दोन दिवस खटपट केली, हैदराबादच्या एका ओळखीच्या लॅबलाही फाइल पाठवून बघितली. दोघांचं म्हणणं एकच आलं : फाइलमध्ये जे उरलेलंच नाही, ते बाहेर काढता येत नाही. तीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर गेल्यामुळे मुख्य गोष्ट पहिल्या ओळीत सांगायची सवय लागली आहे, म्हणून ही आधी सांगितली. दुसरीही एक बातमी आहे. ती मी मुद्दाम खाली ठेवतो आहे. डेस्कवर दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याची कॉपी परत केली असती.

हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मध्येच काहीतरी विचारशील आणि मी उत्तर द्यायच्या ऐवजी जेवलीस का म्हणून विचारीन. माझी ती खोड तुला माहीत आहे. कागदावर तसं निसटता येत नाही. बाकी इथे सगळं ठीक. पत्रिका छापून आल्या, शेजारच्या लताकाकूंनी दोन डबे सांडगे आणि एक डबा कुरडया करून दिल्या आहेत, आणि रोज येऊन त्या डब्यांना मुंग्या लागल्या नाहीत ना, हे बघून जातात. लग्नाला अजून अठरा दिवस आहेत. मी गच्चीवरची टाकी धुऊन घेतली. एवढं सगळं जागेवर असूनही रविवारपासून माझं कशात लक्ष नाही. काल दोन वेळा कुकर लावला आणि दोन्ही वेळा डाळ घालायची राहिली.

रविवारी रेवणप्पाने तो फोटो त्याच्या मोठ्या स्क्रीनवर उघडला तेव्हा मला आधी वाटलं, त्याची स्क्रीन बिघडली आहे. मांडवात चौरंगावर आईचा फोटो ठेवायचा, त्याला हार घालायचा, पाया पडून मग तू बोहल्यावर जायचं, हे तू किती दिवसांपासून मनात धरलं होतंस. वीस बाय तीस इंचाचा प्रिंट हवा, चेहरा खऱ्या माणसाएवढा दिसला पाहिजे, असं तू त्याला सांगत होतीस आणि त्याने तो मोठा केला. आईचे डोळे म्हणजे दोन करडी ठिगळं. केस आणि मागची शेतातली तूर यांच्यामध्ये रेघच नाही, दोन्ही एकमेकांत शिरलेली. गालावर लहान लहान चौकोन, जुन्या फरशीसारखे. साडीचा काठ गळ्यात वितळून गेलेला. मोबाइलवर आणि पेपरच्या दोन कॉलमात जे इतकी वर्षं नीट दिसत होतं, ते तिथे नव्हतंच. तुझा हात टेबलावर होता, तो तू हळूच मागे घेतलास, एवढं मी पाहिलं. रेवणप्पा मात्र सरळ बोलला, "काका, वाईट वाटून घेऊ नका, पण यात माणूस राहिला न्हाई, नुसता रंग राहिलाय. किती बारी सेव्ह केला हो हा?"

मी मनातल्या मनात मोजलं. आई गेली तेव्हाची श्रद्धांजलीची जाहिरात, आणि नंतर दर जानेवारीत पुण्यस्मरणाची, अशा एकोणीस. एकूण वीस वेळा. आकडा ऐकून त्याने कपाळाला हात लावला. मग त्याने जे समजावलं ते तूही ऐकलंस, पण तुझं लक्ष स्क्रीनकडे होतं म्हणून पुन्हा लिहितो. जेपीजी फाइल नुसती उघडून बघितली, किंवा जशीच्या तशी दुसरीकडे कॉपी केली, तर तिला काही होत नाही. पण उघडून तिच्यात फेरफार केला आणि पुन्हा जेपीजीमध्येच सेव्ह केली, की मशीन फाइल हलकी करण्यासाठी काही बारकावे स्वतःच्या मनाने काढून टाकतं. त्या वेळी डोळ्यांना कळत नाही. पुढच्या खेपेला मशीन त्या उरलेल्यातून आणखी काढतं. काढलेलं परत येत नाही. "मूळ फाइलला हातच लावायचा नस्तो काका. तिची कॉपी करायची, काम चालू हाय तोवर टिफमधी ठेवायची, त्यात काय गळत न्हाई, आन् जेपीजी करायची ती एकदाच, सगळ्यात शेवटी, क्वालिटी फुल्ल ठेवून. आमच्याकडं नवीन पोरगी कामाला आली की पैल्या दिवशी हेच शिकवतो. तुमी तर पेपरवाले!" त्याने टोमणा मारला नव्हता. त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं. मलाही वाटलं.

पण मालू, मी हे कसं केलं ते सांगतो. आमच्या डेस्कवर त्या काळी वीज दिवसाला आठ-दहा तास जायची. इन्व्हर्टर पाच मिनिटं टिकेल की पन्नास, कुणाला ठाऊक नसायचं. पान अर्धं लागलेलं असताना अंधार व्हायचा आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून नव्या माणसाला आम्ही पहिला धडा द्यायचो तो सेव्ह करण्याचा. एक ओळ झाली, सेव्ह. फोटो लावला, सेव्ह. आणि वेगळं नाव द्यायचं नाही, कारण एकाच पानाच्या चार फाइली झाल्या की घाईत जुनी छापायला जाते. एकदा चूक दुरुस्त केल्यावरही तशी जुनीच गेली होती आणि एका जिवंत सरपंचाला दोन दिवस लागोपाठ आदरांजली वाहिली गेली होती. तेव्हापासून नियम : नाव एक, फाइल एक, तिच्यावरच सेव्ह. आणि क्वालिटी मध्यम, कारण पान फोनच्या लाइनीवरून छापखान्याला पाठवायचं, जड झालं तर पोचत नाही. हाताला जे वळण लागलं ते लागलं. दर जानेवारीत मी तुझ्या आईचा फोटो उघडायचो. एका वर्षी थोडा उजळ केला, एका वर्षी दोन कॉलमात बसवायला लहान केला, पुढच्या वर्षी कुणी म्हणालं पुसट वाटतो म्हणून पुन्हा मोठा करून धार दिली. मध्येच वीज गेली की परत उघडून परत सेव्ह. मला वाटायचं मी तिला सांभाळून ठेवतो आहे. हाताने तेच करत होतो ना, सेव्ह.

त्याच फोटोचा हॉलमधला छोटा प्रिंट स्कॅन केला तर, असंही मी त्याला विचारलं. तू शाळेत जाताना ज्याच्यासमोर उभी राहून वेणी बघायचीस तो. मी तो सोमवारी मोबाइलवर काढून पाठवला. उन्हाने तो इतका उडालाय की ओठ निळे दिसतात, तो म्हणाला. लग्नाच्या अल्बममध्ये मुंडावळ्या आणि खाली घातलेली मान. मतदार ओळखपत्रावरचा फोटो तिचा आहे की माझा, हे नाव वाचल्याशिवाय कळत नाही. आणि उरलेल्या सगळ्या फोटोंमध्ये तिने पदराचं टोक हनुवटीवर धरलेलं आहे. तू सातवीत होतीस तेव्हा गॅदरिंगच्या फोटोत ओढणी अगदी तशीच धरून उभी राहिली होतीस. बाईंनी हात खाली घ्यायला सांगितलं तर तू म्हणालीस, माझी आई अशीच उभी राहायची. त्या फोटोचं मला सगळ्यांनी कौतुक सांगितलं. मी तो कपाटात खालच्या खणात ठेवला आहे, आणि तो मी कधी भिंतीवर का लावला नाही, हे तू विचारलं नाहीस.

आपला तो एकच फोटो असा आहे की ज्यात तिचा पूर्ण चेहरा होता. ती गेली त्याच्या आधीच्या दिवाळीत आपण मावशीकडे जळकोटला होतो. ऑफिसने नवा डिजिटल कॅमेरा घेतला होता, तो मी चार दिवसांसाठी मागून आणला होता. तू साडेतीन वर्षांची, आणि कॅमेऱ्यात आपण लगेच दिसतो हे कळल्यावर दर फोटोनंतर पळत येऊन बघायचीस. शेतात भुईमूग काढायचं चाललं होतं. उज्वला शेंगा वेचून पदरात भरत होती, दोन्ही हातांनी ओटी धरलेली, आणि मी हाक मारली तशी तिने वर बघितलं. पदर शेंगांनी भरलेला, त्यामुळे तो वर घेता येईना. "अवं, थांबा की, तोंड तर पुसू द्या," म्हणाली आणि हसली. तेव्हा मी बटण दाबलं. दोन महिन्यांनी तीन दिवसांच्या तापात ती गेली.

आता रविवारी पुढे जे झालं ते. सिंधुमावशी त्या लॅबमध्ये चष्मा लावून स्क्रीनच्या इतकी जवळ गेली की रेवणप्पाने माउस बाजूला घेतला. "ही माझी उज्वला न्हाई," ती म्हणाली. आपण समजावलं की फोटो बिघडलाय. तर म्हणाली, "बिघडू द्या न्हाई तर जळू द्या. हनुवटीवरलं गोंदण कुटं हाय? तीन ठिपके व्हते." तू म्हणालीस, आईला गोंदण नव्हतं. लहानपणापासून रोज मी तो फोटो बघतेय, हॉलमधला, पेपरमधला, कशातच नाही. मावशीने स्वतःची हनुवटी वर केली, बोट लावलं. "हे बघ की. माझ्या पाठीवरची हाय ती. मी माझ्या भैनीला वळखत न्हाई व्हय?" त्यावर तू जे बोललीस ते मी तुला दोष द्यायला लिहीत नाही, तू आधीच हादरलेली होतीस. तू म्हणालीस, तुझं तुला आठवतंय मावशी, आईचं नाही. वयामुळे होतं असं. मावशी माझ्याकडे वळली. "दाजी, तुमी तरी बोला की. का तोंडात गुळणी धरली?" आणि तूही विचारलंस, बाबा, होतं का? रेवणप्पासुद्धा माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, नीट आठवत नाही.

मावशीने चष्मा डबीत ठेवला. "बरं. मी खोटी. लग्न तुमचं, फोटो तुमचा. त्या बाईला हार घाला, मी न्हाई येत," एवढंच म्हणाली. तू तिच्यामागे गेली नाहीस आणि मीही गेलो नाही. ती चालत बसस्टँडवर गेली. साठी उलटलेली बाई, एप्रिलच्या उन्हात, चालत. आई गेल्यावर तुला दीड वर्ष जळकोटला जिने अंगाखांद्यावर वाढवलं ती.

आता दुसरी बातमी. सोमवारी संध्याकाळी मी मावशीच्या हरिओमला फोन केला होता. मावशीशी बोलायला म्हणून केला, पण ती फोनवर आली नाही. त्याच्याशीच बोलताना मला आठवलं की त्या दिवाळीचे सगळे फोटो मी तेव्हाच, दिवाळीनंतर लगेच, ऑफिसात दोन सीडींवर काढले होते, एक आपल्याला आणि एक जळकोटला. आपली घर बदलताना गेली. त्यांची त्याने काल सकाळी शोधून काढली. मावशीच्या लोखंडी पेटीत होती, तुझ्या कुंचीत गुंडाळून ठेवलेली. त्यांच्या घरात ती लावायला कधी कॉम्प्युटर नव्हता. वीस वर्षांत ती एकदाही लावलेली नाही. रेवणप्पाला मी हे काल सांगितलं तर तो खुर्चीतून उठलाच असणार, असा त्याचा आवाज झाला. "काका, मंजी कुणी उघडली न्हाई, कुणी सेव्ह केली न्हाई! जशी काढली तशी असल." मग सावध झाला. इतक्या जुन्या सीडीचा भरवसा नाही, वाचली तर वाचली, म्हणाला. शनिवारी हरिओम ती घेऊन लातूरला येणार आहे.

खरं म्हणजे हे कळल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मी घाबरलो, मालू. कारण ती सीडी उघडली तर त्या फोटोत तुला तीन हिरवे ठिपके दिसतील. हनुवटीच्या मधोमध, एक वर, दोन खाली. ते मशीनने खाल्लेले नाहीत. चेहरा वीस वर्षांत थोडा थोडा गेला, ते माझ्या अडाणीपणाने. पण ठिपके पहिल्याच दिवशी गेले आणि ते मी स्वतः पुसले. आई जाऊन तिसरा दिवस होता. जाहिरात मीच लावत होतो. शेजारी बसलेला ऑपरेटर म्हणाला, साहेब, हनुवटीवर छापताना शाई सांडल्यासारखं दिसेल, काढू का? मी त्याला उठवलं आणि माउस हातात घेतला. शेजारची कातडी उचलून डागावर ठेवायचं एक साधन असतं. चार वेळा दाबलं. मग फाइल सेव्ह केली, त्याच नावाने. शाईचं कारण खरं होतं, पण ते कारण नव्हतं. ठिपके गेले तेव्हा मला बरं वाटलं होतं. आमचं घर मास्तरांचं, नांदेडचं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी ऑफिसच्या कार्यक्रमात एका बाईंनी तिला विचारलं, अय्या, तुमच्याकडे अजून गोंदतात का? घरी येताना रिक्षात मी तिला म्हणालो, फोटोबिटो काढताना पदर जरा वर धरत जा. तिने वाद घातला नाही. त्यानंतर तिने एका फोटोतही हात खाली घेतला नाही. तू जी नक्कल करत होतीस ती तिच्या लाजेची नव्हती. माझ्या लाजेची होती. आणि रविवारी मला सगळं नीट आठवत होतं.

हे पत्र एवढ्यासाठीच लिहिलं. सीडी उघडेल तेव्हा तू माझ्याकडे बघशील आणि त्या क्षणी मी पुन्हा काहीतरी दुसरंच बोलीन, याची मला खात्री आहे. म्हणून तुला ते आधी, माझ्या हातचं, लेखी मिळायला हवं. स्पीड पोस्टने शुक्रवारी दुपारपर्यंत मिळेल, असं पोस्टातल्या माणसाने सांगितलं आहे. वाचून तुला जे वाटेल ते वाटू दे, मला लगेच फोन करायची गरज नाही. मावशीला मात्र करायचा असेल तर कर. मी सांगितलं म्हणून करू नकोस. गंधारला आणि तुझ्या होणाऱ्या सासरी काय सांगायचं, सांगायचं की नाही, ते तुझं तू ठरव. सीडी वाचली गेली नाही, तर मांडवात चौरंगावर काय ठेवायचं हे तू आणि मावशी दोघींनी ठरवा, मी त्यात पडणार नाही. रेवणप्पा म्हणाला, मी ठिपके नवीन काढून देतो, कळणारसुद्धा नाही. मी नको म्हटलं. शुक्रवारी सकाळी सव्वासातच्या गाडीने मी जळकोटला निघतो आहे. साडेदहापर्यंत पोचेन. मावशीच्या अंगणात उभं राहून जे तुला लिहिलं ते तिला तोंडाने सांगायचं आहे. हरिओमला कळवलं आहे, तिला नाही. ती आत बोलावेल असं धरून चाललेलो नाही. बोलावलं तर शनिवारी सकाळी तिघंही एकाच गाडीने लातूरला येऊ. नाही बोलावलं तर मी हरिओमबरोबर येईन. अकरा वाजता रेवणप्पा सीडी लावणार आहे.

तुझाच, जसा आहे तसा,
बाबा